जपानच्या प्राथमिक शाळेत परदेशी सहायक शिक्षकाचा दिवस कसा जातो? भारतीयांना हे काम मिळतं का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की बी.एड. झालंय, इंग्रजी चांगलं आहे आणि ‘मुलांबरोबर खेळायचं आणि पगार घ्यायचा’ असं या नोकरीबद्दल ऐकलंय. निम्मं खरं आहे. खेळायचं असतं. पण पगार ऐकीव आकड्याइतका नसतो, आणि बी.एड.चा इथे फारसा उपयोग होत नाही, कारण वर्ग तुमचा नसतोच. तो वर्गशिक्षकांचा असतो, तुम्ही त्यांच्या मदतीला. हे एकदा मनात पक्कं बसलं की नोकरी मजेची आहे. नाही बसलं तर सहा महिन्यांत कंटाळाल.

मी शिझुओका प्रांतात, हामामात्सूच्या आसपासच्या शाळांमध्ये हे काम करते. हा सुझुकी आणि यामाहाचा भाग. माझं पद ‘असिस्टंट लँग्वेज टीचर’, पण शाळेत सगळे एएलटीच म्हणतात. एप्रिल २०२० पासून इथे तिसरी-चौथीला वर्षाला ३५ तास इंग्रजीची तोंडओळख असते, म्हणजे आठवड्याला एक तास. पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय आहे, वर्षाला ७० तास. तास ४५ मिनिटांचा. एवढ्यावर एका शाळेत आठवडाभराचं काम निघत नाही, म्हणून एका एएलटीकडे सहसा दोन-तीन शाळा असतात. सोमवारी ही, मंगळवारी ती.

गंमत अशी की प्राथमिकचे वर्गशिक्षक गणितापासून पोहण्यापर्यंत जवळजवळ सगळं स्वतःच शिकवतात, आणि आता इंग्रजीही बऱ्याच ठिकाणी त्यांच्याच गळ्यात पडलंय. त्यातल्या अनेकांना इंग्रजी बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. एएलटी असतो तो त्यासाठी. शिकवण्याचा परवाना त्यांच्याकडे, गुण देणार ते, पालकांना उत्तर देणार तेच.

आता दिवसाबद्दल. पावणेआठ-आठला शाळेत पोचायचं. दारातच बाहेरचे बूट काढून खणात ठेवायचे आणि शाळेत वापरायचे वेगळे बूट घालायचे. पाहुण्यांसाठी सपाता असतात, पण त्यात टाच बाहेर राहते आणि जिन्यावर फजिती होते, तेव्हा स्वतःचे बूट घेऊनच जा. मग शिक्षकांच्या खोलीच्या दारातून सगळ्यांना ऐकू जाईल असं ‘ओहायो गोझाइमास’, म्हणजे सुप्रभात. पुढ्यातल्या टेबलावर क्योतो-सेन्सेई, म्हणजे उपमुख्याध्यापक. शाळेत सगळ्यांत आधी येणारे आणि सगळ्यांत शेवटी जाणारे बहुधा तेच. फोन उचलतात, गळणारा नळ बघतात, गैरहजर शिक्षकाचा वर्गही सांभाळतात. तुमच्या सगळ्या अडचणी त्यांच्याकडेच जायच्या आहेत, त्यामुळे त्यांच्याशी नमस्कार-चमत्कार नीट ठेवा.

यानंतरची पाच मिनिटं मला दिवसभरात सगळ्यांत महत्त्वाची वाटतात. तास सुरू होण्याआधी वर्गशिक्षकांशी जे उभ्याउभ्या बोलणं होतं, ते. कुठलं पान, कुठला खेळ, आधी कोण बोलणार, वेळ उरला तर काय. ज्यांच्याशी हे बोलणं होतं त्यांचा तास रंगतो. ज्यांना वेळ मिळत नाही, त्यांच्या वर्गात शिरल्यावर त्यांच्या चेहऱ्याकडे बघत अंदाज घ्यावा लागतो. दोष त्यांचा नाही, सकाळीच त्यांच्या टेबलावर तिसभर वह्या तपासायला पडलेल्या असतात.

तास असा असतो. त्या दिवशी ज्यांचा नंबर असेल ती दोन मुलं पुढे येऊन वर्ग सुरू करतात. मी ‘हाऊ आर यू’ विचारते आणि सगळा वर्ग एका सुरात छापील उत्तर देतो. मग वार, तारीख, हवा. तिसरीत रंग आणि ‘हाऊ मेनी’, चौथीत किती वाजले, पाचवीत वाढदिवस कधी आणि हॉटेलात जेवण कसं मागवायचं.

पाचवीला महिन्यांची नावं जड जातात. त्यावर इथे सगळीकडे चालणारा एक खेळ आहे. दोघा-दोघांच्या मध्ये बाकावर एक खोडरबर ठेवायचं. एक महिना ठरवायचा, समजा ऑगस्ट. मी एकेक महिना म्हणते, मुलं टाळ्या वाजवत माझ्यामागून म्हणतात, आणि ऑगस्ट आला की झडप घालून खोडरबर उचलायचं. सगळी गंमत माझ्या हातात. ‘ऑ…’ इतकंच लांबवायचं, तीस हात हवेत, आणि मग शांतपणे ‘…क्टोबर’. निम्मी पोरं खोडरबर पकडून बसलेली असतात आणि उरलेली त्यांना हसत असतात. तास संपेपर्यंत ऑगस्ट आणि ऑक्टोबरमध्ये त्या वर्गातलं कुणी गोंधळत नाही.

काही वर्गांत मात्र एएलटीचं काम शब्द मोठ्यांदा म्हणून दाखवण्यापुरतंच उरतं. एएलटी लोक याला वैतागून ‘मानवी टेपरेकॉर्डर’ म्हणतात. माझं मत थोडं वेगळं आहे. आता प्रत्येक मुलाकडे टॅबलेट आहे, पुस्तकाची डिजिटल आवृत्ती उच्चार माझ्यापेक्षा जास्त वेळा आणि न थकता ऐकवते. तेव्हा उच्चारासाठी आपली गरज आहे या भ्रमात राहूच नये. आपला उपयोग एवढाच की जिच्याशी जपानीत बोलून भागत नाही अशी एक व्यक्ती शाळेत वावरते. मला जपानी येतं, पण वर्गात मी ते शक्यतो काढत नाही. एखाद्या मुलाला आपल्या मांजराबद्दल सांगायचं असतं, शब्द सापडत नाही, मग तो हातवारे करतो, चित्र काढतो, शेजारच्याला विचारतो आणि शेवटी ‘कॅट, बिग, स्लीप’ असं काहीतरी माझ्यापर्यंत पोचवतोच. आठवड्याच्या एका तासातून याहून जास्त अपेक्षा ठेवणाऱ्या पालकांची मला थोडी कीव येते. आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी असतं म्हणून तुलना करायचा मोह होईल. करू नका. जपानी मुलाचं वकिली-डॉक्टरीपर्यंतचं सगळं शिक्षण जपानीत होतं, इंग्रजीवाचून त्याचं काही अडत नाही.

हामामात्सूकडच्या शाळांचं आणखी एक वैशिष्ट्य. १९९० मध्ये जपानने परदेशी लोकांबद्दलचा कायदा बदलला आणि जपानी वंशाची ब्राझिलियन कुटुंबं इथल्या कारखान्यांत कामाला आली. त्यांची आणि फिलिपिनो कुटुंबांची मुलं आज जवळजवळ प्रत्येक शाळेत दिसतात. पाचवीतल्या एका मुलीची आई फिलिपिन्सची आहे. घरी इंग्रजी कानावर पडतं, त्यामुळे पोरगी फाडफाड बोलते. पण वर्गात तिची बोलायची वेळ आली की ती ‘आय लाइक’ मुद्दाम इतरांसारखं जपानी उच्चारात ‘आइ राइकु’ असं म्हणते. मधल्या सुट्टीत आसपास कुणी नसलं की मला स्वच्छ इंग्रजीत विचारते, ‘तुमच्या घरी कुत्रा आहे का?’ वर्गशिक्षिकेला वाटत होतं की हिला पुढे उभं करून नमुना म्हणून बोलायला लावावं. मी नको म्हटलं. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला उठून दिसायचं नसेल तर तिला झाकलेलं राहू द्यावं. बाईंनी ऐकलं. असं सांगता येण्याइतका विश्वास बसायला मात्र बरेच महिने जातात.

मधली मोठी सुट्टी वीस मिनिटांची. मैदानावर डॉजबॉल आणि एकचाकी सायकली. एकचाकी चालवणाऱ्या मुली एकमेकींचे हात धरून गिरक्या घेतात, आपण नुसतं बघत राहायचं. भारतीय म्हटल्यावर प्रश्न ठरलेले: रोज करी खाता का, हत्ती पाहिलाय का, आणि हमखास ‘१९ गुणिले १९ येतं का?’ इथे पाढे दुसरीत शिकवतात आणि ९ नव्व्यावर थांबतात. भारतीयांना १९ पर्यंत सगळं तोंडपाठ असतं असा समज इथे पसरलेला आहे. मी एकोणिसाचा पाढा मराठीत म्हणून दाखवला तेव्हा सगळे गप्प. पण आपला पाढा ‘एकोणीस दाहे एकशे नव्वद’वर थांबतो ना! एका चश्मेवाल्या पोराने लगेच पकडलं, ‘सेन्सेई, अजून एकोणीस वेळा झालं नाही.’ मग वाळूत काठीने ३६१ पर्यंत गुणाकार करून दाखवावा लागला.

दुपारचं जेवण, क्यूशोकु, वर्गातच. पांढरे झगे, टोप्या आणि मास्क घातलेली चार-सहा मुलं मोठाली भांडी ढकलत आणतात आणि स्वतः वाढतात. शिक्षक आणि मुलं एकच जेवतात. मुलांच्या आधी मुख्याध्यापकांनी तेच जेवण चाखायचं असा नियम आहे, आणि प्रत्येक पदार्थाचा नमुना दोन आठवडे गोठवून ठेवतात. १९९६ मध्ये साकाई शहरात शाळेच्या जेवणातून मोठी विषबाधा झाली होती, त्यानंतर हे सगळं फार कडक झालं. रोज २०० मिलिलिटर दूध असतंच, भाताबरोबर असो वा माशाबरोबर. एएलटी रोज वेगळ्या वर्गात जेवतो. मुलं आपापली बाकं जोडून गट करतात आणि तुमची खुर्ची आपल्या गटात यावी म्हणून आधीच भांडून झालेलं असतं. कुणी गैरहजर असेल तर त्याच्या वाटचं पुडिंग कुणाला, हे ‘जान-केन’ खेळून ठरतं, म्हणजे दगड-कागद-कात्री. त्या वेळी वर्गात जी शांतता असते ती परीक्षेलाही नसते. त्यांचा सगळ्यांत आवडता पदार्थ करी-भात. गोडसर, दाट, आपल्या कशाशीच न जुळणारा. ‘इंडियासारखी झालीये का?’ असं डोळे मोठे करून विचारतात. मी ‘डिफरंट, बट गुड’ म्हणते. खोटंही नाही.

शाकाहारी असाल तर हे आधीच वाचा. महिन्याचा तक्ता घटकांसकट आगाऊ मिळतो, पण भाजीच्या सारातही वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. अंडं-मासे चालणाऱ्यांचं निभतं, गोमांस-डुकराचे दिवस तक्त्यात लाल पेनाने खूण करून डबा नेता येतो. पूर्ण शाकाहारींनी रुजू होतानाच बोलून रोज डबा आणण्याची परवानगी घ्यावी, कुणी वाईट वाटून घेत नाही.

जेवणानंतर साफसफाई, पंधरा-वीस मिनिटं, सगळ्यांनी. लाउडस्पीकरवर संगीत लागतं, बाकं मागे सरकतात आणि मुलं ओल्या फडक्यावर दोन्ही हात टेकून, पार्श्वभाग वर करून, व्हरांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत सुटतात. मलाही फडकं मिळतं. आपल्याकडच्या नातेवाइकांना हे सांगितल्यावर ‘म्हणजे तिकडे झाडू मारतेस?’ असं येतं. येऊ द्या.

दुपारी एक-दोन तास, मग मुलं घरी. पहिलीची पिवळ्या टोप्यांची रांग आपापली चालत जाते. मी सव्वाचारला निघते. बाकीचे शिक्षक तेव्हा कुठे वह्या उघडतात. इथे १९७१ चा एक कायदा आहे, जादा कामाच्या तासांचे पैसे न देता पगारावर ४ टक्के द्यायचे. तो टक्का आता कुठे टप्प्याटप्प्याने वाढवायला घेतलाय. त्यांच्या मानाने आपलं काम हलकं आहे हे विसरू नये.

आता पैसे. परदेशी तरुणांना शाळांत आणणारी सरकारची जेट योजना १९८७ पासून चालू आहे, पगार सगळ्यांत चांगला तिथेच. २०२५ पासून पहिल्या वर्षाला सुमारे ४० लाख येन, आणि जास्तीत जास्त पाच वर्षं. भारतातून निवड होते, पण जागा फार थोड्या. दुसरा मार्ग तिथल्या स्थानिक शिक्षण मंडळाने थेट घेणं, त्यासाठी आधी जपानमध्ये असणं सोयीचं. उरतात मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपन्या. मी अशाच एकीतून सुरुवात केली. महिन्याला दोन ते अडीच लाख येन, आणि ऑगस्टमध्ये शाळा बंद म्हणून त्या महिन्याचा पगार कापलेला. करारात ते बारीक अक्षरात असतं, सही करण्याआधी ऑगस्ट आणि मार्च-एप्रिलच्या सुट्टीचं स्पष्ट विचारून घ्या. शिवाय काही करारांत वर्गशिक्षक तुम्हाला थेट सूचना देऊ शकत नाहीत, सगळं कंपनीमार्फत. वर ज्या पाच मिनिटांबद्दल लिहिलं तीच मग कागदोपत्री अडचणीची ठरतात.

आणि मराठी लोकांसाठी सगळ्यांत मोठी मेख. शाळेत इंग्रजी शिकवण्याच्या व्हिसासाठी पदवी तर लागतेच, पण त्याशिवाय बारा वर्षं इंग्रजी माध्यमातून शिक्षण झालेलं दाखवावं लागतं. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि पुढे इंग्रजीतून पदवी, असं असेल तर ही बारा वर्षं भरत नाहीत, इंग्रजी कितीही उत्तम असलं तरी. सेमी-इंग्रजीवाल्यांनी आधी कंपनीकडून किंवा वकिलातीकडून लेखी खुलासा मागावा, मगच पैसे आणि वेळ घालवावा. माध्यम इंग्रजी असेल तर शाळा आणि ज्युनिअर कॉलेज दोन्हीकडून ‘शिक्षणाचं माध्यम इंग्रजी’ असं स्पष्ट लिहिलेलं पत्र, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह आत्ताच काढून ठेवा. नुसत्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर विसंबू नका, आणि मे महिन्यात जाऊ नका, ऑफिसात क्लार्क भेटत नाही.