आजीचा फोन

लेकरा,

तुझ्या मालिकेचे तिन्ही भाग वाचले. बीडकडची बोली तुझ्या कानात पक्की आहे, लई बरं वाटलं. पण दुसऱ्या भागात सासू दाराआडून सगळं ऐकते, तिथं मी थांबले. ते दार तुझ्या वस्तीवरचं नाही, टीव्हीवरचं आहे.

कौटुंबिक मालिकेच्या साच्याला मी नावं ठेवत नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत रेडिओवरच्या रोजच्या कौटुंबिक गोष्टींना साबण कंपन्या पैसा पुरवायच्या, त्यावरूनच ‘सोप’ हे नाव पडलं. मेक्सिकोतल्या मालिकांवरून धडा घेऊन १९८४ साली दूरदर्शनवर ‘हम लोग’ आली. साचा दूरचाच होता, पण त्यात घर आपलं होतं.

पोलिसी मालिकेत ‘कुणी केलं?’ हा प्रश्न असतो आणि तो बहुधा भाग-दोन भागांत सुटतो. कौटुंबिक मालिकेत प्रेक्षकाला सगळं आधीच ठाऊक असतं. तो थांबतो ते ‘हिला कधी कळणार?’ यासाठी. लपवलेलं पत्र, गेलेली स्मृती, हुबेहूब दिसणारी दुसरी बाई, ही सगळी कळणं लांबवायची साधनं. जाहिराती वजा जाता अर्ध्या तासातली बावीसेक मिनिटं तुझी. त्यात प्रत्येक ब्रेकला तो प्रश्न जरा आणखी टोचला पाहिजे.

आता तुझ्या गावाकडं बघ. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्याला जातात, नवरा-बायको मिळून हिशेबात एक कोयता. लेकरं आजीजवळ. मागं नातीचं काही दुखलंखुपलं, तर आजीनं फोनवर सांगायचं का? सांगितलं तर लेक कोयता टाकून निघेल, उचल फिटायची नाही, मुकादम दारात येईल. पाच महिने रोज रात्री हाच प्रश्न. दाराआड कुणाला उभं करायला नको, खलनायिकाही नको. लपवणारीचा जीवच लेकीत अडकलाय.

एक मात्र सांभाळ. कथा, पटकथा, संवाद बऱ्याचदा वेगवेगळ्या हातांत जातात, आणि आजीचं ‘काय करायलीस?’ वाटेत ‘काय करते आहेस?’ होतं. त्यासाठी भांड.

दुसरा भाग पुन्हा लिही. नात तापानं फणफणलीय, फोन वाजतो, आजी पदरानं डोळे पुसते आणि म्हणते, ‘समदं बरं हाय बघ.’ तिथं ब्रेक घे.

तुझ्या बाई