पितळी रिंग ढिली का होते? लाकूडकामाच्या वाचकांच्या शंका

प्रश्न : नमस्कार. मी मूळ सांगलीचा, सध्या मिनेसोटात आयटीत आहे. गॅरेजमध्ये छोटा लेथ घेतलाय, त्यावर अक्रोडाच्या लाकडाचे डक कॉल बनवतो आणि इथल्या मित्रांना बदकांच्या सीझनला गिफ्ट देतो. बॅरलच्या तोंडाला पितळेची रिंग सुपरग्लूने बसवतो. ऑगस्टमध्ये एकदम घट्ट असते, पण जानेवारीत मित्रांचे मेसेज यायला लागतात की रिंग नुसती गोल फिरतेय. एकाची तर ड्रॉवरमध्ये ठेवल्या ठेवल्या सुटून पडली. कुठला ग्लू वापरू?

उत्तर : ड्रॉवरमध्ये पडली हे लिहिलंत ते बरं केलंत, कारण त्यातच निम्मं उत्तर आहे. कुणी आपटलं नाही, पाण्यात पडलं नाही, तरी सुटली. म्हणजे ग्लू नंतरचा विषय, आधी लाकूड.

बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. डक कॉल म्हणजे जेमतेम वीतभर लाकडी नळी (हीच बॅरल), तिच्यात मागून इन्सर्ट नावाचा दुसरा तुकडा सरकवतात, त्याच्यावर पातळ प्लॅस्टिकची रीड, म्हणजे थरथरणारी पट्टी असते आणि ती कॉर्कने दाबून बसवलेली असते. फुंकलं की बदकासारखा आवाज येतो. अमेरिकेत याचं वेड मोठं आहे, अर्कान्सामधल्या स्टटगार्ट गावात १९३६ पासून हा आवाज काढायची वर्ल्ड चॅम्पियनशिप भरते. नळीच्या ज्या तोंडातून इन्सर्ट आत जातो तिथे ही रिंग असते. दिसायला छान दिसते हे खरं, पण तिचं मूळ काम वेगळं आहे. इन्सर्ट दाबून बसवला की तो पाचरीसारखा बाहेर रेटतो, नळीची भिंत तिथे तीन-चार मिलिमीटरचीच असते आणि लाकडाचे रेषे लांबीत धावतात, त्यामुळे फाटायचं तर उभंच फाटणार. ते फाटू नये म्हणून रिंग. ती ढिली झाली की नुसता दागिना उरतो.

आता जानेवारीचं कोडं. उन्हाळ्यात तुमच्या गॅरेजमधली हवा दमट असते, लाकडात १२-१३ टक्के ओल असते. हिवाळ्यात घरात हीटर सुरू झाला की हवा इतकी कोरडी होते की तीच ओल ५-६ टक्क्यांवर येते. लाकूड लांबीत जवळपास आकसत नाही, पण आडवं आकसतं, आणि नळीचा व्यास म्हणजे आडवीच दिशा. अक्रोडाचा २५ मिलिमीटर व्यास घेतला तर एवढ्या फरकात वर्षवलयांच्या दिशेने साधारण ०.४ आणि त्याच्या काटकोनात ०.३ मिलिमीटर कमी होतो. पितळ तर जागचं हलत नाही. म्हणजे रिंग मोठी झालेली नाही, आतलं लाकूड बारीक झालंय, वर जरासं लंबगोलही झालंय. आणि आत भोक आहे म्हणून लाकूड आतल्या आत जिरवून घेईल असं वाटत असेल तर तसं होत नाही, भोकासकट सगळंच लहान होतं. म्हणूनच अ‍ॅक्रिलिकचा इन्सर्ट हिवाळ्यात जास्त घट्ट लागतो, आणि नेमकी तेव्हाच रिंग ढिली, मग बॅरलला चीर पडते.

त्यामुळे पहिलं काम, लाकूड वाळवा, आणि तेही गॅरेजमध्ये नाही, जिथे कॉल राहणार त्या घरात. आधी जाडसर लेथ करून, भोक थोडं कमी साइजचं पाडून ठेवून द्या. किचनमधल्या काट्यावर दर आठवड्याला वजन करा, दोन-तीन आठवडे आकडा हलला नाही की लाकूड घराच्या हवेला स्थिरावलं असं समजा आणि मग फायनल साइजला आणा. याला शॉर्टकट नाही. तयार किल्न ड्राय, म्हणजे भट्टीत वाळवलेलं लाकूड आणलं असलं तरी ते दुकानात आणि तुमच्या गॅरेजमध्ये परत ओल पितं.

दुसरं, फिटिंग. बहुतेक जण रिंग हातोडीने ठोकून बसेल इतकी टाइट ठेवतात आणि तिथेच फसतात, कारण चढवताना सगळा ग्लू खरवडून बाहेर येतो आणि आत कोरडं लाकूड कोरड्या पितळेला घासत राहतं. व्हर्नियरने मोजून जागा रिंगच्या आतल्या मापापेक्षा ०.१ मिलिमीटरच्या आसपास कमी ठेवा. हाताने सरकली पाहिजे, लडबडली नाही पाहिजे. त्या जागेवर टोकदार हत्याराने दोन-तीन बारीक खाचा फिरवून घ्या, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल नको. रिंगच्या आतूनही ८० नंबरच्या पेपरने आडवे-तिडवे ओरखडे मारा, जमलं तर बारीक कानशीने दोन-चार खाचा. आता ग्लू दोन्हीकडच्या खाचांत भरून वाळला की तोच खुंटीसारखा अडकतो, मग चिकटपणा थोडा कमी झाला तरी रिंग फिरत नाही की सरकत नाही. माझ्या मते या खाचा ग्लूच्या ब्रँडपेक्षा जास्त महत्त्वाच्या आहेत, आणि लोक नेमक्या त्याच टाळतात कारण त्या बाहेरून दिसत नाहीत.

ग्लू मात्र बदलाच. सुपरग्लू कडक आणि ठिसूळ असतो, त्याला लाकडाची हालचाल आणि धक्का दोन्ही सोसत नाही. दोन ट्यूबवाला इपॉक्सी घ्या, तोही पाच मिनिटांवाला नको, रात्रभर वाळणारा. लावण्याआधी रिंग अ‍ॅसिटोनने पुसा, पितळेवर कटिंग ऑइल आणि बोटांचं तेल असतंच. उद्या अक्रोड सोडून कोकोबोलो किंवा शिसवीसारखं तेलकट लाकूड घेतलंत तर लाकूडही पुसा, आणि पुसल्या पुसल्या लगेच चिकटवा, तेल परत वर येतं. (कोकोबोलोची धूळ बऱ्याच जणांच्या अंगावर उठते, मास्क लावा.)

ग्लू पूर्ण वाळल्यावरच रिंग लेथवर साफ करा, आणि तेव्हा सँडपेपर एका जागी दाबून धरू नका. पितळ पटकन तापतं आणि साधा इपॉक्सी ६०-७० डिग्रीला मऊ पडायला लागतो, म्हणजे बसवलेली रिंग तुम्हीच सोडवताय. जुन्या कॉलच्या रिंगा मुद्दाम काढायच्या असतील तर मात्र हीच युक्ती, सोल्डरिंग आयर्न टेकवून रिंग तापवा आणि फडक्याने धरून फिरवा.

प्रश्न : आमच्याकडे बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतात तशी रिंग लालबुंद करून चढवली आणि पाणी ओतलं तर ग्लू लागणारच नाही ना? (सातारा)

उत्तर : आयडिया चांगली आहे पण माप बघा. सव्वा मीटर व्यासाची लोखंडी धाव ५०० डिग्रीने तापली की व्यास सात-साडेसात मिलिमीटरने वाढतो, थंड होताना तेवढ्याने आवळते आणि आरे, पाट्या सगळं दाबून एकजीव होतं. २५ मिलिमीटरची पितळी रिंग १५० डिग्रीने तापवलीत तर वाढेल ०.०७ मिलिमीटर. त्याहून फार पुढे गेलात तर लाकूड करपतं. आणि वरच्या उत्तरात पाहिलंत, लाकूड एका हिवाळ्यात ०.३-०.४ मिलिमीटर आकसतं, म्हणजे कमावलं त्याच्या चौपट-पाचपट गेलं. चाकाला जे जमतं ते अंगठीएवढ्या रिंगला जमत नाही.

प्रश्न : माझ्या पटाशीच्या मुठीची रिंग पावसाळ्यात घट्ट असते, मे महिन्यात गळून पडते. वडील म्हणतात रात्रभर पाण्यात ठेव. ठेवतो, पण दरवर्षी जास्तच ढिली होतेय. (रत्नागिरी)

उत्तर : वडिलांचा उपाय कुदळ-कुऱ्हाडीच्या दांड्याला सगळेच करतात आणि त्या दिवसापुरता तो चालतोही. पण होतं असं की लाकूड फुगतं, बाहेर लोखंड त्याला जागा देत नाही, मग रेषे जागच्या जागी चेपतात. वाळलं की ते आधीच्या मापावर येत नाही, त्याहून बारीक होतं. दर वेळी थोडं अजून. म्हणून पाणी बंद. मूठ सागाची असेल तर हालचाल तुलनेने कमी असते. डोक्याकडची रिंग असेल, जिथे ठोकता, तर लाकूड रिंगच्या वर दोन-तीन मिलिमीटर ठेवा आणि हलक्या हातोडीने त्याच्या कडा बाहेर लोळवा, म्हणजे रिंग वरून निसटतच नाही. खालच्या रिंगला आधी ड्रिल मारून एक बारीक पितळी खिळा चालेल, मूठ भरीव आहे. डक कॉलवाल्यांनी हे करू नये, पातळ भिंतीत खिळा म्हणजे चिरेला आमंत्रण.

प्रश्न : मी पुण्यात असा कॉल बनवला तर तलावावर वाजवून बघता येईल का?

उत्तर : घरी वाजवा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बदकांना संरक्षण आहे, शिकार तर नाहीच नाही, आणि हिवाळ्यात लांबून आलेल्या पक्ष्यांना उगाच कशाला फसवायचं.

प्रश्न : रिंग पॉलिश करताना शेजारचं पांढरं लाकूड काळं पडतं, पुसून जात नाही.

उत्तर : पितळेची धूळ रेषांत बसते. लाकूड आधी सीलरने बंद करा, मग रिंगला लागून मास्किंग टेप, मगच पॉलिश. आधीच काळं झालं असेल तर पुसायच्या भानगडीत पडू नका, अजून आत जाईल, धारदार हत्याराने वरचा पातळ थर काढा.