माडीच्या झिजलेल्या फळ्यांवर कार्पेट

प्रश्न : आमच्या जुन्या घराच्या माडीला सागवानी फळ्यांची जमीन आहे. वावरून मधल्या फळ्या झिजल्यात, कडा उचलल्यात. १० बाय १२ ची खोली आहे. कार्पेटखाली आधी काय घालावं? (खानापूर तालुक्यातील वाचक)

उत्तर : कार्पेट थेट टाकलंत तर वर्षभरात फळ्यांच्या रेघा उमटतील आणि बरोबर त्याच रेघांवर ते झिजेल. ६ मिमी बीडब्ल्यूआर (ओल सोसणारा) प्लाय घाला.

आधी भिंतीलगतच्या फळ्यांत टोचा खुपसून बघा. कौलांची गळती तिथेच मुरते. टोचा सहज आत गेला तर फळी बदलायची, झाकायची नाही. करकरणारी फळी तुळईवर स्क्रूने आवळा. वर आलेले खिळे सुंब्याने आत ठोका आणि मगच उचललेल्या कडांवर रंधा मारा, नाहीतर पातं जाईल.

हिशेबाने ८ बाय ४ च्या चार शीट पुरतात. जुन्या भिंती काटकोनात नसतात, म्हणून पाचवी आणा. माडीचे जिने अरुंद, त्यामुळे खालीच ४ बाय ४ चे तुकडे करून घ्या. ते दोन दिवस त्याच खोलीत उभे ठेवा. बसवताना चार कोपरे एका जागी येऊ देऊ नका. दोन तुकड्यांत १ मिमी, भिंतीशी ८ मिमी फट सोडा. स्क्रू कडेला ६ इंचांवर, मध्ये ९ इंचांवर; तुकड्यामागे पन्नासेक लागतात. खिळे नकोत, ते सैल होऊन कुरकुरतात. फळी इंचभर जाड असेल तर २५ मिमीचा स्क्रू. त्याहून लांब घेतलात तर टोक खालच्या खोलीच्या छतातून डोकावेल, आणि तिथूनच वायरिंग गेलेलं असतं!

प्लायखाली प्लास्टिक अंथरू नका, ओल कोंडून फळ्या कुजतात. काम दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात फळ्या फुगलेल्या असतात. प्लाय, कार्पेटखालचा फोम आणि कार्पेट मिळून जमीन पाऊण-एक इंच वर येते, तेव्हा दार तासावं लागेल. जिन्याची शेवटची पायरीही तेवढीच उंच होते. रात्री ठेच लागते ती तिथेच.

प्रश्न : हार्डबोर्ड स्वस्त पडतो. चालेल का? (निपाणी)

उत्तर : फळ्या जवळपास सपाट असतील तर ३ मिमीचा चालतो. खोलगट झिजेवर तो दबतो. बसवण्याच्या आदल्या दिवशी खरबरीत बाजूला शीटमागे साधारण लिटरभर पाणी चोळा आणि ओल्या बाजू एकमेकींना लावून रचून ठेवा. बसवल्यावर तो वाळताना ताणला जातो. कोरडाच ठोकलात तर पहिल्या पावसात फुगे येतील.