प्रोग्राम कोसळला, दोष कोणाचा?

प्रश्न : सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला माझा हिशेबाचा प्रोग्राम विंडोजवर अधूनमधून कोसळतो. डंप फाइल (कोसळतानाच्या स्थितीची नोंद) विनडीबीजी या डीबगरमध्ये उघडली, तर स्टॅक ट्रेसच्या (एकमेकांना बोलावणाऱ्या फंक्शनांच्या यादीच्या) माथ्यावर मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीतील फंक्शन दिसते आणि त्रुटीचा क्रमांक सी००००००५ येतो. दोष विंडोजचा समजावा का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तशी घाई करू नये. हा क्रमांक ॲक्सेस व्हायोलेशनचा, म्हणजे परवानगी नसलेल्या मेमरीला हात लावल्याचा आहे. माथ्यावरचे फंक्शन बहुधा आपण दिलेला पॉइंटरच (मेमरीतील पत्ताच) निमूटपणे वापरत असते. म्हणून ट्रेस वरून खाली वाचत आपल्या स्वतःच्या पहिल्या फंक्शनपाशी थांबावे. तेथे नावाऐवजी नुसते आकडे दिसत असतील, तर पीडीबी फाइल (फंक्शनांची नावे व ओळी सांगणारी) जुळलेली नाही. ती त्याच बिल्डची लागते, त्याच कोडवरून आज नव्याने केलेली चालत नाही. शिवाय खालच्या ओळींत परतीचा पत्ता (बोलावलेले फंक्शन संपल्यावर जेथे परतायचे ती जागा) नोंदलेला असल्यामुळे दाखवलेली ओळ कधीकधी खऱ्या कॉलच्या पुढची असते, आणि यात मुरलेली मंडळीही फसतात.

जो पत्ता वाचताना प्रोग्राम अडला, तोही पाहावा. तो हेक्साडेसिमल १८, म्हणजे २४, इतका शून्याजवळचा असेल, तर बहुधा पॉइंटर नल (म्हणजे शून्य) असून स्ट्रक्चरच्या आरंभापासून २४ बाइटांवरचे फील्ड मागितले गेले आहे.

क्रमांक सी००००३७४ असता, तर मात्र ट्रेसवर फार विसंबता आले नसते, कारण तेव्हा हीप (प्रोग्रामने चालता चालता मागून घेतलेल्या मेमरीचा साठा) आधीच केव्हातरी बिघडलेला असतो आणि ट्रेस केवळ तो बिघाड उघडकीस आल्याची जागा दाखवतो. अशा वेळी जीफ्लॅग्ज या साधनातून पेज हीप (असा बिघाड घडतो तेथेच पकडणारी तपासणी) चालू करून प्रोग्राम पुन्हा चालवावा.