झाडावरचं दगडफूल

प्रश्न : महाबळेश्वरच्या आमच्या अंगणातल्या जांभळावर राखाडी, कुरळे पापुद्रे चढलेत. काही फांद्या वाळल्यात. बोर्डो मलम (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) लावावं का?

उत्तर : नको. हे शैवाक, म्हणजे मसाल्यातल्या दगडफुलाचं भावंड. बुरशी आणि शैवाल यांचा हा एकत्र संसार : बुरशी घर बांधते, शैवाल उन्हावर अन्न करतं, पाणी पावसाधुक्यातून मिळतं. बाहेरच्या मेलेल्या सालीला ते नुसतं चिकटतं, झाडाचा रस पीत नाही. वाळक्या फांदीवर ते जास्त दिसतं खरं, पण क्रम उलटा आहे. आधी फांदी वाळते, पानं झडतात, ऊन पोचतं आणि मग शैवाक फोफावतं. मलमाने ते मरेल, फांदी वाळायची थांबणार नाही. त्यापेक्षा खोडकिडीची भोकं आणि मुळाशी साचणारं पाणी तपासा.

प्रश्न : जात घरी ओळखता येईल?

उत्तर : काही जाती येतात. सह्याद्रीत सर्रास दिसणारं ‘पार्मोट्रेमा टिंक्टोरम’ घ्या. पाळ्या, म्हणजे पापुद्र्याचे पानासारखे भाग, रुंद, एक-दोन सेंटिमीटरच्या. दहापट भिंगातून वर राखाडी काड्यांसारखे बारीक उंचवटे दिसतात. खालची बाजू मध्यभागी काळी, कडेला तपकिरी. कोरड्या तुकड्याचा वरचा थर ब्लेडने हलकेच खरवडा. आतला कापसासारखा पांढरा थर उघडा पडला की टाचणीच्या टोकाने कपड्यांच्या ब्लीचचा थेंब टेकवा आणि नजर हलवू नका. क्षणात लाल रंग उमटतो आणि तितक्याच लवकर विरतो. रंग आलाच नाही, तर आधी ब्लीचवर संशय घ्या. उघडून ठेवलेल्या बाटलीतला क्लोरीन उडून जातो. ओल्या तुकड्यावरही रंग फिका पडतो. (ओलं झालं की राखाडी शैवाक हिरवं दिसतं, कारण वरचा थर पारदर्शक होऊन आतलं शैवाल डोकावतं. ती वेगळी जात नव्हे.)

प्रश्न : काढून गोड्या मसाल्यात घालू का?

उत्तर : नका. सारख्या दिसणाऱ्या जाती पुष्कळ, वाढही फार संथ, आणि राखीव जंगलातून परवानगीशिवाय काढता येत नाही. बाजारचंच घ्या. नाव दगडफूल असलं तरी त्याच्या काळ्या पाठीला बहुधा सालीचे कपचे चिकटलेले असतात. ते खुडून टाका, मग थोड्या तेलात मंद आचेवर परता. कच्च्याला फारसा वास नसतो.