मोरचूद लोखंडी ड्रममध्ये भिजवले, आता काय?

प्रश्न : संत्र्यावर बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याचे बुरशीनाशक) फवारायचे म्हणून मोरचूद (कॉपर सल्फेट) रात्री लोखंडी ड्रममध्ये भिजत घातले. सकाळी ड्रमला आतून तांबूस थर आणि पाणी हिरवट. फवारले तर चालेल का? विळा बुडवून बघतात, तो कशासाठी?

उत्तर : हे पाणी झाडावर नेऊ नका. ड्रमला बसलेला थर गंज नसून तुमच्याच मोरचुदातले तांबे आहे. लोखंड मोरचुदातल्या तांब्याला हुसकावून स्वतः पाण्यात उतरते, हिराकस (लोखंडाचे सल्फेट) तयार होतो आणि पाणी हिरवट दिसते. किलोभर मोरचुदात तांबे साधारण 250 ग्रॅम. बुरशीला मारते ते तेच, आणि त्यातले किती ड्रमला चिकटले हे सांगता येणार नाही. त्या पाण्यात चुना कालवून ते विहीर-नाल्यापासून लांब खड्ड्यात ओता. तांबे माशांना घातक असते. जस्ताचा मुलामा दिलेली बादलीही अशीच खराब होते. प्लास्टिकचा ड्रम किंवा मातीचा माठ घ्या.

एक टक्का मिश्रणाला 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 100 लिटर पाणी लागते. दोन्ही वेगवेगळे विरघळवा, चुना गाळून घ्या आणि मोरचुदाचे पाणी चुन्यात ओतत काडीने ढवळत राहा. चुन्याकडे मात्र नीट लक्ष द्या. पाणी पडताच ढेकूळ चर्रकन फुलून वाफ आली पाहिजे. हवेत पडून भुकटी झालेला चुना जवळजवळ खडूच होतो. तो मोरचुदाची आम्लता मारत नाही आणि कोवळी पालवी करपते.

विळ्याची परीक्षा त्यासाठीच. घासून चकचकीत केलेले पाते मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस झाक आली तर मोकळे तांबे शिल्लक आहे, म्हणजे तुमच्या ड्रममध्ये झाले तेच पात्यावर झाले. थोडी चुन्याची निवळी घाला, पाते पुन्हा घासून बुडवा. ते स्वच्छ निघाले की फवारा.

मिश्रण त्याच दिवशी संपवा. शिळे झाले की कण जाड होतात, पानाला धरत नाहीत. त्यात कीटकनाशक मिसळू नका, चुन्यामुळे बरीचशी औषधे निकामी होतात. डिंक्यासाठी (खोडातून डिंक गळण्याच्या रोगासाठी) खोडाला लावायच्या पेस्टमध्ये मोरचूद-चुना तेवढाच, पाणी फक्त 10 लिटर. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत, पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा लावा. फवारणी झाली की पंप लगेच धुवा, त्यातही लोखंडी भाग असतात.