वाचकांचे प्रश्न : सूत्र एक, आकडे दुसरेच

प्रश्न : निकेल, एथिलीनडायअमीन आणि क्लोराइड यांचं कॉम्प्लेक्स (धातूभोवती इतर रेणू किंवा आयन बांधलेलं संयुग) केलं. आयआर, यूव्ही (प्रकाशशोषणाच्या चाचण्या) ठीक आहेत, पण सीएचएनमध्ये (कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन यांची टक्केवारी मोजणाऱ्या चाचणीत) कार्बन जवळजवळ अडीच टक्क्यांनी कमी येतो. तो आकडा गाळून पेपर पाठवला तर चालेल का?
– संशोधक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : नाही. असेंद्रिय रसायनशास्त्राचा परीक्षक पेपर हातात आल्यावर आधी तोच आकडा शोधतो. मोजलेली आणि सूत्रावरून काढलेली टक्केवारी ०.४ च्या आत जुळावी, हा रूढ निकष आहे. अडीच टक्के म्हणजे चूक यंत्राची नाही, बहुधा सूत्राची.

हिशेब करून पाहा. एका निकेलमागे तीन एथिलीनडायअमीन आणि दोन क्लोराइड धरले तर रेणुभार ३०९.९० आणि कार्बन २३.२५ टक्के. स्फटिकात पाण्याचे दोन रेणू धरले तर रेणुभार ३४५.९३ आणि कार्बन २०.८३ टक्के. तुमची तूट भरून निघाली! पण नुसता कार्बन जुळला म्हणून पाणी लिहून मोकळं होऊ नका. नायट्रोजनही २७.१२ वरून २४.२९ वर यायला हवा. शिवाय टीजीए (तापवताना वजन किती घटतं ते मोजणारी चाचणी) करा, पाण्याच्या टप्प्यात १०.४ टक्के वजन घटलं पाहिजे. आकडे बसवण्यासाठी ‘०.३७ पाणी’ लिहिणाऱ्यांना परीक्षक बरोबर ओळखतात.

पाणी पक्कं झालं की उतारा (अपेक्षेच्या किती टक्के पदार्थ हाती आला तो आकडा) नव्या रेणुभाराने पुन्हा काढा. जुन्या रेणुभाराने काढलेला उतारा सुमारे साडेअकरा टक्क्यांनी फुगलेला असतो. चुंबकीय मोजमापात मोलर ससेप्टिबिलिटी (एका मोलमागची चुंबकप्रवणता) रेणुभारावरच उभी असते, म्हणजे तिथेही दुरुस्ती आली. मुख्य मजकूर, पुरवणी आणि सीआयएफ (एक्स-रेने काढलेल्या स्फटिकरचनेची फाइल) या तिन्ही ठिकाणी सूत्र एकच हवं, फरक असलाच तर कारणासकट. घोळ होतो तो इथेच, कारण तिन्ही फाइली बहुधा तीन वेगळ्या माणसांनी केलेल्या असतात.

एक जाता जाता. डायक्लोरोमिथेन (एक द्रावक) ४० अंशांना उकळतं आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो. ते आपल्या रचनेच्या जाळीत धरून बसलेले स्फटिक कुरियरने बाहेरगावी गेले तर वाटेतच पांढुरके पडतात, आणि सीएचएन येतं ते भलत्याच पदार्थाचं. सीएचएनचा नमुना व्हॅक्यूममध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवून पाठवा आणि सूत्रही वाळवलेल्याचंच लिहा. एक्स-रेसाठीचे स्फटिक मात्र मूळ द्रावातच, घट्ट बुचाच्या कुपीत राहू द्या.

प्रश्न : चेकसीआयएफमध्ये (सीआयएफ तपासणाऱ्या संगणकप्रणालीत) ‘ए’ दर्जाचा, म्हणजे सर्वांत गंभीर, इशारा आला. पेपर परत येईल का?
– प्राध्यापक, नागपूर

उत्तर : इशारा कशाचा, यावर ते अवलंबून. कोन कमी पडल्याचा असेल (मॉलिब्डेनमच्या एक्स-रे किरणांना थीटा, म्हणजे विवर्तनाचा कोन, साधारण २५ अंशांपर्यंत लागतो, तांब्याच्या किरणांना ६७), तर कमी तापमानाला, जास्त वेळ एक्सपोजर देऊन मापन पुन्हा घ्या. स्फटिकच दुबळा असेल तर सीआयएफमधल्या उत्तराच्या रकान्यात खरं कारण लिहा. ‘डेटाची प्रत बरी नव्हती’ हे कारण होत नाही. स्फटिकाचा आकार लिहा, विवर्तन कुठवर दिसलं ते लिहा.

विस्कळीत द्रावक स्क्वीझ या प्रोग्रॅमने हिशेबातून काढला असेल तर पोकळीतल्या इलेक्ट्रॉनांचा आकडा द्या. डायक्लोरोमिथेनचे ४२, पाण्याचे १०. त्यावरून ठरलेला द्रावक आणि सीएचएनमधला द्रावक वेगळे निघाले तर का, ते एका वाक्यात सांगा.

केंब्रिजच्या सीसीडीसी या स्फटिकरचनांच्या संग्रहाकडे रचना पेपर पाठवण्याआधीच जमा करा. पैसे पडत नाहीत आणि प्रसिद्धीपर्यंत ती खुली होत नाही.

प्रश्न : शिफ बेसचे (अमीन आणि अल्डिहाइड यांपासून होणाऱ्या संयुगाचे) चार कॉम्प्लेक्स, जिवाणूंवरच्या चाचण्यांसकट पाठवले. परीक्षकांकडे न जाताच पेपर परत आला. का?
– संशोधक, नागपूर

उत्तर : ‘नवा लिगंड, चार धातू, काही जिवाणू’ या साच्याला (लिगंड म्हणजे धातूला बांधला जाणारा रेणू) संपादक कंटाळले आहेत, आणि त्यांचं फारसं चुकत नाही. धातू बदलल्याने रचनेत किंवा अभिक्रियेत काय बदललं, हे दाखवता आलं तरच असेंद्रिय नियतकालिकाकडे जा.

जैविक भाग ठेवायचाच तर सुटा लिगंड आणि सुटं धातूचं लवण यांच्याही चाचण्या सोबत हव्यात. दुसरं, कॉम्प्लेक्स डीएमएसओ या द्रावकात विरघळवलं असेल तर ते टिकतं का ते तपासा. डीएमएसओ स्वतःच धातूला बांधला जातो. सिस्प्लॅटिन या कर्करोगावरच्या प्लॅटिनमच्या औषधातला क्लोराइड तो हटवतो. चाचणी २४ तासांची असेल तर त्याच द्रावणाचा यूव्ही सुरुवातीला आणि २४ तासांनी घ्या, दोन्ही आलेख पुरवणीत द्या.

संपादकाच्या पत्रात सारांश पुन्हा उतरवू नका. नवं काय आणि ते याच नियतकालिकात का, एवढं पुरे. परक्लोरेट वापरलं असेल तर स्फोटाची सूचना प्रायोगिक भागात ठळक लिहा. सहलेखक राहिलेल्यांची नावं परीक्षक म्हणून सुचवू नका.